गुळपोळीची एक्सेल शीट

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मला गोड आवडतं. नुसतं आवडतं असं नाही, जेवणाच्या ताटात गोड काय आहे हे बघून बाकीचं किती जेवायचं ते ठरवणाऱ्या जमातीतला मी आहे. आणि नोकरीनिमित्त हैदराबादेत राहतो. त्यामुळे संक्रांतीला सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर पतंग महोत्सवाबरोबर मिठायांचाही महोत्सव भरतो हे कळल्यावर मी गेलो नसतो तरच नवल! २०१८ मध्ये हा मिठाई महोत्सव पहिल्यांदा भरला, मग कोविडच्या काळात खंड पडला आणि २०२४ पासून पुन्हा सुरू झाला. मी गेलो तो २०२५ च्या जानेवारीत, १३ ते १५ या तीन दिवसांत. पहिल्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून गेलो, दुसऱ्या दिवशी टेबलाच्या पलीकडे उभा राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी रात्री एक एक्सेल शीट केली. हा लेख त्या शीटबद्दल आहे.

पहिला दिवस भोगीचा, सोमवार. ऑफिसातून जरा लवकर सटकलो (क्लायंटलाही संक्रांतीच्या शुभेच्छा देऊन टाकल्या, बिचाऱ्याला काही कळलं नाही). रायदुर्गहून मेट्रो पकडली की थेट परेड ग्राउंड स्टेशन. वर आकाशात परदेशी मंडळींचे अजस्र पतंग, खाली माणसंच माणसं आणि मध्ये मिठाईचे स्टॉल. या महोत्सवाची मजा अशी की इथं मोठ्या हलवायांपेक्षा घरी पदार्थ करून आणणाऱ्या बायकाच लक्षात राहतात. हैदराबादेत देशभरातली माणसं येऊन राहिली आहेत, त्यामुळे एका रांगेत बंगाली पाटीशाप्टा, पुढे ओडिशाचा छेना पोडा, त्याच्या शेजारी पंजाबी पिन्नी, आणि पलीकडे इथला खुबानी का मीठा. अरिसेलु खाताना तर मी चक्क थांबलो. तांदूळ भिजवायचे, कुटायचे, गुळात मळायचे आणि तळायचे, म्हणजे आपल्या अनारशाची सख्खी चुलत बहीणच की! फक्त इथं गुळाचा पाक करतात आणि तळल्यावर दाबून तेल काढतात.

आमचा चौघांचा ग्रुप होता आणि स्ट्रॅटेजी साधी होती. प्रत्येक स्टॉलवर ‘टेस्ट’ करायचं, आवडलं तर विकत घ्यायचं. तासाभरात पोट भरलं. विकत किती घेतलं? चौघांत मिळून दोन डबे. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं, नंतर मोजलं.

त्यातला एक डबा पूतरेकुलूचा. हा पदार्थ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आंध्रात गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आत्रेयपुरम नावाचं गाव आहे, तिथली ही मिठाई. मातीचं मडकं उपडं ठेवून खालून जाळ करतात. तांदळाच्या पातळ पिठात फडकं बुडवून ते तापलेल्या मडक्यावरून एकदा फिरवायचं, की क्षणात कागदासारखा पापुद्रा तयार होतो. तो अलगद उचलायचा. असे पापुद्रे घेऊन त्यात तूप आणि साखर किंवा गूळ घालून घडी करायची. तेलुगूत पूत म्हणजे लेप आणि रेकु म्हणजे पापुद्रा, म्हणून पूतरेकुलू. २०२३ मध्ये त्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं त्या स्टॉलवरच्या बाईंनी मला मोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं. मी अगदी मन लावून ऐकलं, दोनदा चव घेतली, आणि दहाच्या डब्याचा भाव विचारला. त्या म्हणाल्या, “ढाई सौ.” मी म्हटलं, “दो सौ.” त्या क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता डबा पिशवीत घातला. मला वाटलं, वा, जमलं की! मित्रांना ऐटीत सांगितलंसुद्धा.

आता दुसरा दिवस. माझ्या टीममधला एक मित्र काचीगुड्याचा, तीन पिढ्यांपासून हैदराबादी मराठी. (मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे इथं जुनी मराठी घरं भरपूर. त्यांच्या मराठीत ‘नक्को’ आणि ‘हौ’ इतकं सहज येतं की आपण पुण्या-साताऱ्याकडचे लोक आधी दचकतो आणि सहा महिन्यांनी स्वतःच बोलायला लागतो.) त्याच्या आईने म्हणजे काकूंनी त्या महोत्सवात गुळपोळीचा स्टॉल लावला होता. मित्राचा रात्री फोन, “उद्या सुट्टीच आहे ना? आईला एक हात कमी पडतोय, येतोस का?” मी म्हटलं, “हौ!” फुकट गुळपोळ्या मिळणार हा अंतस्थ हेतू होता, खोटं कशाला बोलू.

काकूंनी गुळपोळीच का निवडली, तर ती टिकते. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकते, गुळपोळी आठ-दहा दिवस सहज राहते आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. पण ती करायची म्हणजे काय, हे मला त्या दिवशी गिऱ्हाइकांना समजावून सांगता सांगता कळलं. चिकीचा गूळ चालत नाही, पोळी दगड होते. मऊ पिवळा गूळ किसून घ्यायचा. तीळ मंद आचेवर भाजून कुटायचे, खसखस भाजायची, बेसन तेलात खमंग परतायचं, हे सगळं वेलची-जायफळ घालून गुळात मळायचं, गुठळी राहू द्यायची नाही. मग कणकेच्या दोन लाट्यांमध्ये गुळाची एक लाटी ठेवून लाटायची. गूळ आणि कणीक सारखीच मऊ असायला हवीत, नाहीतर कडा कोरड्या राहतात, आणि जोर जास्त झाला तर पोळी फुटून गूळ तव्याला धरतो. तवा पुसा, परत सुरुवात. माझी आई दर संक्रांतीला हे करते आणि मी दरवर्षी फोनवर तिला ऐकवतो, “कशाला एवढा त्रास घेतेस, विकत मिळते की!” या वाक्यात तिच्या कामाची किंमत काय ठरते, याचा मी आजवर विचार केला नव्हता.

असो. तर स्टॉल. चार पोळ्यांचा डबा, किंमत १०० रुपये. टेबलाच्या पलीकडून जग फार वेगळं दिसतं हो. बशीत तुकडे ठेवले की हात येतात, बशी रिकामी होते, हात जातात. काही लोक खरंच विचारपूस करायचे. कॉलेजच्या चार मुलींनी एक डबा घेतला, चौघींनी २५-२५ रुपये वेगवेगळे यूपीआय केले आणि तिथंच उभ्या उभ्या एकेक पोळी संपवली. आणि मग एक गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, गळ्यात कंपनीचं आयडी कार्ड तसंच राहिलेलं, हातात स्मार्टवॉच. दोनदा चव बघितली. “आंटी, होममेड है ना?” काकू अभिमानाने म्हणाल्या, “हाँ बेटा, सब घर का.” लगेच पुढचं वाक्य, “फिर इतना महँगा क्यों?”

मला हसू आलं आणि मग एकदम आलं ते गेलंच. कारण त्याने चार डबे घेतो म्हणून ४०० चे ३५० केले. काकू क्षणभर थांबल्या आणि काही न बोलता डबे पिशवीत घातले. हे दृश्य मी आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

“होममेड आहे, मग इतकं महाग का?” हा प्रश्न मी त्या दिवशी तीन-चार भाषांत ऐकला. गंमत बघा, मिठाईच्या दुकानावर ‘घरगुती चव’ अशी पाटी लावली की भाव वाढतो आणि आपण तो निमूटपणे देतो. तीच घरगुती चव घरातलीच बाई स्वतः टेबल मांडून विकायला लागली की तिने भाव उतरवावा असं आपल्याला वाटतं. दुकानाला भाडं आहे, एसी आहे, कारागीर आहेत, हे आपण समजून घेतो. घराला काय? घर तर असतंच. गॅस असतोच. बाई तर काय, असतेच!

तिसऱ्या दिवशी रात्री सगळं आवरून काचीगुड्याला काकूंच्या घरी जेवायला बसलो होतो. इंजिनिअरला खाज असतेच, लॅपटॉप काढला आणि म्हटलं, “काकू, हिशोब करूया.” काकूंनी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. गूळ, तीळ, खसखस, बेसन, कणीक, तेल, गॅस, डबे, लेबलं मिळून पोळीमागे १३ रुपये. पोळ्या केल्या ३००, म्हणजे खर्च ३,९००. विकले गेले ६४ डबे, म्हणजे २५६ पोळ्या. ३० पोळ्या लोकांनी चव बघण्यात संपवल्या. उरलेल्या १४ आम्ही आणि शेजारपाजार. जमा ६,४००, त्यातून त्या आयडी कार्डवाल्याचे ५० वजा, ६,३५०. तीन दिवसांची रिक्षा जाऊन-येऊन १,२००. हातात राहिले १,२५० रुपये. काकू खूश, “बघ, खर्च जाऊन साडेबाराशे सुटले!”

मी विचारलं, “आणि तास?” वहीत तासांचा रकानाच नव्हता. विचारून विचारून काढले. आधीच्या दोन दिवसांत पोळ्या करायला १८ तास, स्टॉलवर रोज नऊ म्हणजे २७. एकूण ४५. (माझे आणि मित्राचे तास धरलेच नाहीत, आम्ही खाण्यातच वसूल केले होते.) सेलमध्ये भागाकार टाकला. तासाला २७ रुपये ७८ पैसे.

आमच्या ऑफिसखाली मी जी कॉफी पितो ती २४० रुपयांची आहे. म्हणजे काकूंचे साडेआठ तास, एक पूर्ण दिवस. आणि ते ५० रुपये, जे त्या गृहस्थाने कमी केले आणि जे मी पूतरेकुलूवाल्या बाईंकडून कमी केले? जवळपास पावणेदोन तास. पूतरेकुलूवाल्या बाईंचा हिशोब मला माहीत नाही, पण तो फार वेगळा असेल असं वाटत नाही.

मग मी उलटा हिशोब केला. काकूंना तासाला फक्त १०० रुपये मिळायला हवे असतील तर? ४,५०० मजुरी, ३,९०० साहित्य, १,२०० रिक्षा, एकूण ९,६००. भागिले ६४ डबे. डबा बरोब्बर १५० रुपयांना! मी विजयी मुद्रेने लॅपटॉप काकूंकडे फिरवला. काकूंनी चष्मा वर केला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, “दीडशेला कोण घेणार रे? आणि घरी मी करतेच की पोळ्या, तेव्हा कोण मला तासाचे पैसे देतं?” मग जरा थांबून, “तीन दिवस मी घराबाहेर होते. बंगाली बाईकडून पाटीशाप्टा शिकले. अनोळखी लोकांनी माझ्या हातचं खाऊन वा वा केलं. ते तुझ्या कुठल्या रकान्यात टाकतोस?”

मी गप्प. खरंच, तो रकाना माझ्याकडे नव्हता.

पण घरी येऊन विचार करत राहिलो, आणि आता माझं मत ठाम झालंय. काकूंना आनंद मिळाला हे शंभर टक्के खरं. पण तो आनंद त्यांचा आहे, गिऱ्हाइकाने त्याची सूट मागायचं काय कारण? मलाही कोड लिहायला आवडतं. (कधी कधी.) म्हणून माझ्या मॅनेजरने अप्रेझलमध्ये “तुला मजा येतेच ना, मग पगार जरा कमी करूया” असं म्हटलं तर मी दुसऱ्या दिवशी रेझ्युमे अपडेट करीन. ‘हौस’ या शब्दाखाली आपण बायकांची किती मजुरी झाकून ठेवतो!

आणि काकूंचा दुसरा मुद्दा, की घरी कोण पैसे देतं, तोच तर मूळ बग आहे. केंद्र सरकारचं टाइम यूज सर्वेक्षण आहे. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी तेवढ्यात आपलीही नऊ काढून घेतली! रोजचे पाच तास फुकट धरायची सवय एकदा घराला लागली की तेच काम टेबलावर आणून विकताना त्याला भाव लावायचा कसा, हे त्या बाईलाही सुचत नाही आणि आपल्यालाही.

सुचू शकतं, याचं उदाहरण मात्र आपल्याकडेच आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. लिज्जतची गोष्ट आपण नेहमी ‘८० रुपयांतून केवढा मोठा व्यवसाय’ अशी सांगतो. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते. तिथं लाटण्यालाच किलोमागे दर आहे, त्याला ‘वणाई’ म्हणतात. पीठ संस्थेचं, हात बाईचा, आणि त्या हाताचा भाव ठरलेला. घरी बसून लाटले म्हणून तो शून्य होत नाही. जीआय टॅग मिळाल्याने पूतरेकुलूचं नाव आणि गाव राखलं जातं. गोव्याच्या बेबिंकालाही २०२३ मध्येच तो मिळाला. एकेक थर भाजून झाल्यावर पुढचा ओतायचा, असा तासन्‌तास खाणारा हा पदार्थ. नाव राखलं गेलं हे चांगलंच झालं, पण मडक्यावर फडकं फिरवणाऱ्या हाताचा दर त्या टॅगने ठरत नाही. तो आपल्यासारखं गिऱ्हाईकच ठरवतं.

“पण बाजार आहे, भाव परवडला नाही तर विचारायचं नाही का?” असं कोणी म्हणेल. परवडत नसेल तर जरूर घेऊ नका, अर्धा डबा मागा, त्या मुलींसारखे चौघांत मिळून घ्या. माझं म्हणणं आपल्यासारख्यांबद्दल आहे, ज्यांना परवडतं आणि जे केवळ जिंकल्यासारखं वाटावं म्हणून भाव करतात. मॉलमध्ये छापील किमतीवर आपण चकार शब्द काढत नाही. आपला सगळा बाणेदारपणा टेबल मांडून बसलेल्या एकट्या बाईसमोरच जागा होतो.

चव बघण्याबद्दलही बोलायला हवं. चव बघणं चूक नाही, महोत्सवाची मजाच ती. पण त्या ३० पोळ्या म्हणजे ३९० रुपयांचं साहित्य काकूंच्या खिशातून गेलं. आमच्या धंद्यात फ्री ट्रायल असते, तिचा खर्च कंपनी मार्केटिंगमध्ये टाकते. काकूंचं मार्केटिंग खातं कुठलं? अशा महोत्सवांत दहा-वीस रुपयांत एक तुकडा विकायची पद्धत पडली तर दोघांचंही भलं होईल. चार मिठाया चाखायच्या असणाऱ्याला संकोच नको आणि करणारीला भुर्दंड नको.

मी स्वतः काय केलं? तिसऱ्या दिवशी दुपारी पूतरेकुलूच्या स्टॉलवर गेलो होतो. आदल्या दिवशीचा तो “फिर इतना महँगा क्यों” डोक्यातून जात नव्हता. त्या बाईंनी मला ओळखलंही नाही, कशाला ओळखतील? दोन डबे घेतले, सांगितले तेवढे पैसे दिले. त्यांनी वर एक तुकडा हातावर ठेवला. याने काही आधीचे ५० रुपये फिटले असं मी म्हणत नाही.

शेवटी काकूंची बातमी. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. अपार्टमेंटमधून अनारशांच्या ऑर्डरी यायला लागल्या होत्या. म्हणाल्या, “तुझी ती शीट काढ रे. तांदूळ भिजवण्यापासूनचे तास मी या वेळेस लिहून ठेवलेत.” आम्ही फोनवरच भाव काढला, आधी लावणार होत्या त्याच्या जवळजवळ दीडपट आला. काकू जरा घाबरल्या होत्या. तीन जणींनी “बघते” म्हणून फोन ठेवले. बाकीच्यांनी घेतले.

मीही घेतले. सूट मिळेल का, असं गमतीत विचारून बघितलं. काकू म्हणाल्या, “नक्को बाबा, शीट तुझीच आहे!” :-)